हायहॅटची जोडी निवडताना आधी खालची प्लेट ऐका

हायहॅट म्हणजे ड्रमसेटमधली दोन गोल धातूच्या प्लेटांची (सिंबलची) जोडी; पेडल दाबलं की वरची खालचीवर आपटते. दुकानात हायहॅट बघायला गेलेला ड्रमर हमखास एकच करतो. वरच्या प्लेटवर स्टिकच्या टोकाने टिकटिक करतो, एकदा उघडून झणकावतो आणि 'भारी आहे' म्हणत पैसे मोजतो. पायाने वाजवून बघायचं राहूनच जातं. घरी आल्यावर पेडल दाबलं की 'चिक्' ऐवजी 'फुप्' असा दबका आवाज येतो, आणि मग स्टँडपासून पेडलपर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन होतो. दोष बहुतेक वेळा जोडीचा असतो, आणि जोडीतही खालच्या प्लेटचा.

वरची प्लेट आवाजाचा रंग ठरवते: उजळ की काळसर, कोरडा की पसरट. जोडी पायाखाली बोलणार की नाही, हे मात्र खालची प्लेट ठरवते. म्हणून खालची सहसा जड असते. वरची हलकी प्लेट तिच्यावर येऊन आपटते, तेव्हा खालची हलली, लवली तर ठोका विरून जातो. खालची घट्ट राहिली तर तो तुटक आणि स्वच्छ येतो.

किती जड? 14 इंची मध्यम जोडीत वरची प्लेट साधारण 900 ते 1000 ग्रॅम आणि खालची 1250 ते 1400 ग्रॅम भरते. झिल्जियन या सिंबल कंपनीची न्यू बीट ही 1960 च्या दशकातली जोडी याच कल्पनेवर उभी आहे: वर मध्यम, खाली जड. ती इतकी चालली की आज 'साधा हायहॅट' म्हणताना मनात असतो तो आवाज बराचसा तिचाच. हलक्या, मऊ जोडीत वरची 750 ते 850 आणि खालची 900 ते 1050 ग्रॅमच्या आसपास असते. रॉकसाठीच्या जड जोड्यांत वरचीच 1100 च्या पुढे जाते. ढोबळ हिशेब असा धरा की खालची वरचीपेक्षा पंधरा ते चाळीस टक्के जड हवी. फरक पंधराच्या खाली गेला की पायाचा आवाज मऊ पडतो. चाळीसच्या वर गेला की खालची एखाद्या तव्यासारखी निर्जीव होते, आणि उघड्या हायहॅटमध्ये दोघींचा आवाज मिसळत नाही.

हे बघायला स्वयंपाकघरातला पाच किलोचा डिजिटल काटा पुरतो. प्लेट काट्याच्या तबकडीवर नीट बसत नसेल तर खाली वाटी पालथी घालून काटा शून्यावर आणा आणि मग प्लेट ठेवा. दोन्ही प्लेटांची वजनं आतल्या बाजूला, घुमटापाशी (मधल्या उंचवट्यापाशी), मार्करने लिहून ठेवा. पुढे जोडी अदलाबदल करायची वेळ आली की हे आकडे कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त सांगतात.

आता धातू. सुरुवातीच्या ड्रमसेटबरोबर येणाऱ्या प्लेटा बहुधा पितळी असतात, म्हणजे तांबं आणि जस्त. पायस्टेची पीएसटी 3, माइनलची एचसीएस, साबियनची एसबीआर या मालिका पितळेच्याच. त्यांचा आवाज पातेल्याच्या झाकणाकडे झुकतो आणि लवकर मरतो. त्यावर बी 8, म्हणजे 92 टक्के तांबं आणि 8 टक्के कथिल. हा पत्रा कापून, ठोकून केलेला असतो आणि त्याचा आवाज उजळ, धारदार. बी 20 म्हणजे 80 ला 20. हा धातू ओतून, लाटून, ठोकून घडवतात. आवाजात थर जास्त. घरी तळपायाला तूप लावून घासायची काशाची वाटी असेल तर तिचा धातू या बी 20 च्या अगदी जवळचा, 78 ला 22 च्या आसपास. काशाचं भांडं हातातून निसटलं तर पोचा पडत नाही, सरळ तडकतं. बी 20 ची प्लेट काठावर पडली तरी तेच होतं. पितळी प्लेट वाकते, ही चिरते.

पण 'बी 20 म्हणजे चांगलं, बी 8 म्हणजे स्वस्तातलं' हे समीकरण डोक्यातून काढा. 1971 पासून चालत आलेली पायस्टेची 2002 मालिका बी 8 चीच आहे आणि तिला कोणी दुय्यम म्हणत नाही. घडणावळ आणि वजन धातूइतकंच महत्त्वाचं. पितळेला मात्र ही सूट देता येत नाही. शिकण्यापुरती ठीक, स्टेजवर नको.

तो 'फुप्' का होतो, ते आता. दोन्ही प्लेटांचे काठ सगळीकडून एकाच क्षणी टेकले की मधली हवा कोंडते. कोंडलेली हवा गादीसारखी दाबली जाते आणि धातूला धातू नीट भिडतच नाही. वारकऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. पालखी लोणंद-फलटण वाटेवर असताना जवळून बघा: टाळ कधी तोंडाला तोंड सपाट लावून वाजवत नाहीत, एक टाळ किंचित तिरका धरून कडेवर कड उतरवतात. सपाट लावला तर टाळ बोलत नाही. हायहॅटमध्ये हात नसल्यामुळे तिरकेपणा स्टँडने द्यायचा असतो. खालची प्लेट ज्या बशीवर बसते तिच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो. तो आत फिरवला की प्लेटची एक बाजू उचलली जाते. काठापाशी दोन ते चार मिलिमीटर उचल पुरते. अर्धा-अर्धा आटा फिरवत पाय मारत राहा. 'फुप्'चा 'चिक्' कुठे होतो ते स्पष्ट कळतं. त्याच्या पुढे फिरवत गेलात तर 'चिक्'चा 'छिस्' होतो, कारण प्लेटा एका बाजूने आधी टेकून उरलेल्या बाजूला खुळखुळतात. स्टिक पडते त्या बाजूला उचल दिली तर बंद हायहॅट आणखी घट्ट वाटतो, समोरच्या बाजूला दिली तर थोडा सैल. दोन्ही करून बघा.

कंपन्यांनी यावर आपापले तोडगे काढलेत. पायस्टेच्या साउंड एजमध्ये खालच्या प्लेटचा काठ नागमोडी असतो. साबियनच्या एक्ससेलरेटरमध्येही काठाला लाटा आहेत. झिल्जियनच्या मास्टरसाउंडमध्ये काठ ठोकून खालीवर केलेला असतो, आणि क्विक बीटमध्ये खालच्या प्लेटला हवा जायला भोकंच ठेवली आहेत. अशा जोड्यांचा 'चिक्' झणझणीत आणि बिनचूक येतो. पण मऊ, पसरट आवाज हवा असेल तर त्या थोड्या कडक वाटतात. पायाने सतत ताल धरणाऱ्याला उत्तम. अर्धवट उघड्या हायहॅटवरच गाणी काढणाऱ्याला साधा काठ बरा.

स्वस्त पितळी जोडीला भोकं पाडायचा विचार अनेकांच्या मनात येतो, आणि कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत पिलर ड्रिल कुठेही मिळेल. पाडायचीच तर फक्त खालच्या प्लेटला, घुमट आणि काठ यांच्या मधोमध, समोरासमोर दोन, सहा ते आठ मिलिमीटरची. खाली लाकडी फळी, वेग कमी, थेंबभर तेल, आणि नंतर दोन्ही बाजूंनी कड गुळगुळीत. बी 20 प्लेटला हा प्रयोग करू नका. आणि वजन कमी करायला लेथवर तर कुठलीच प्लेट लावू नका: सिंबल घडवतानाच्या लेथचं काम निराळं, कारखान्यातल्या लेथवर ती तापते, थरथरते आणि एकाच जागी पातळ होते.

जोड्या जुळवणं. सुट्या प्लेटा एकत्र करायला हरकत काहीच नाही. जोडी कंपनीनेच लावलेली हवी असा नियम नाही. खुद्द झिल्जियनच्या के-झेड जोडीत वर काळसर के आणि खाली कडक झेड अशी मिसळ आहे. वर पातळ आणि काळसर, खाली जड आणि उजळ, हा मेळ सहसा फसत नाही: स्टिकखाली उबदार, पायाखाली लखलखीत. उलट केलं, म्हणजे जड उजळ वर आणि पातळ काळसर खाली, तर स्टिकचा ठोका टोकदार येतो, पण पायाचा आवाज बसका होतो. तरी एखाद्या जोडीचं मन भरत नसेल तर विकायच्या आधी वरची खाली घालून पंधरा मिनिटं वाजवा. 'टॉप', 'बॉटम' असे शिक्के म्हणजे कायदा नव्हे.

दोन वरच्याच प्लेटा एकत्र लावल्या तर रेकॉर्डिंगला गोड, गर्दीत गायब. दोन खालच्या लावल्या तर मैदान गाजवतात, पण वरची जड झाल्यामुळे पेडलची स्प्रिंग तिला वेळेत उचलत नाही. 'चिक्'नंतर 'श्श्'ची शेपटी लागते ती याच कारणाने. स्प्रिंगचा ताण वाढवा. स्टँडवर ती सोय नसेल तर हा मेळ सोडून द्या.

मापं शक्यतो सारखीच ठेवा. 14 वर 13 ठेवली की लहानीचा काठ मोठीच्या अंगावर बसतो, काठाला काठ भिडत नाही, आणि 'चिक्'ला खरखर येते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या '14 इंची' प्लेटांमध्येही कधी दोन-तीन मिलिमीटरचा फरक निघतो. एकमेकींवर पालथ्या ठेवून काठावरून बोट फिरवलं की कळतं. तेवढा फरक चालून जातो.

त्याहून महत्त्वाचं, काठ सगळीकडून टेकतो का ते बघा. खालची प्लेट टेबलावर टॉवेलवर उताणी ठेवा, वरची तिच्यावर पालथी घाला, आणि पलीकडून मोबाइलची बॅटरी मारा. काठावर प्रकाशाची बारीक, एकसारखी रेघ किंवा अजिबात रेघ नाही, तर ठीक. एका बाजूला जाड फट आणि हाताने दाबल्यावर डुगडुग, तर एक प्लेट वाकडी आहे. कुठली, ते काचेवर एकेक पालथी घालून ठरवा. थोडा बाक असलेली खालची प्लेट हवा कोंडू देत नाही म्हणून काहींना आवडते. वरची वाकडी असेल तर नको.

शेवटी सूर. दोन्ही प्लेटा एकेक करून घुमटाच्या भोकात बोट घालून लटकत्या धरा आणि काठाला स्टिकने हलकेच टिचकी मारा. खालचीचा सूर वरचीपेक्षा स्पष्ट उंच हवा. दोन्ही सूर अगदी जवळजवळ आले तर उघड्या हायहॅटमध्ये एक थरथर ऐकू येते, ती नकोशी असते. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणाऱ्या कारागिरांचे कान ज्या बारकाईने ऐकतात, त्याच्या दशांश बारकाईने जरी या दोन टिचक्या ऐकल्या तरी निम्म्या चुकीच्या जोड्या दुकानातच राहतील.

पितळी जोडी आहे, एकच प्लेट बदलण्याइतके पैसे आहेत, कुठली बदलावी? सगळं वरच्या विवेचनाच्या उलट वाटेल, पण बहुतेकांनी वरची बदलावी. पितळेचं मुख्य दुखणं रंगाचं असतं आणि ऑर्केस्ट्रात ऐकणाऱ्यांना स्टिकचाच आवाज जास्त पोचतो. पितळी खालची जाड असेल तर आणखी काही महिने चालून जाते. पायाचा ताल मुख्य असेल, म्हणजे स्टिक राइडवर (ठेका धरायच्या मोठ्या सिंबलवर) आणि हायहॅट फक्त दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर, तर खालची बदला. आणि झांज पथकातली झांज मोठं भोक पाडून स्टँडवर चढवायची आयडिया ज्यांना सुचते त्यांना नमस्कार. ती हातात धरून आपटायला घडवलेली असते. तिथेच शोभते.

14 सोडून कधी जावं? 15 इंचीचं क्षेत्रफळ 14 पेक्षा सुमारे पंधरा टक्के जास्त, सूर खालचा, उघडल्यावर पसारा मोठा. 16 इंचीसाठी लोक चक्क दोन पातळ क्रॅश (जोराच्या ठोक्याची सुटी सिंबल) वापरतात; वर हजार ग्रॅमच्या आसपासची आणि खाली तिच्यापेक्षा दीडशे-दोनशे ग्रॅम जड अशी निवडा. सावकाश गाण्यांना मस्त. ढोलकीबरोबर जलद लावणीच्या ठेक्यात मात्र 16 इंचीचा पाय मागे पडतो, आणि ढोलकीच्या चाटीच्या जागेवर हायहॅटचा पसारा येऊन बसतो. तिथे 13 किंवा हलकी 14, घट्ट बंद, स्टिकच्या टोकाने.

जागेचाही विचार करा. सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात किंवा साताऱ्याच्या शाहू कलामंदिरात बंदिस्त प्रेक्षागृह असतं. जड, उजळ जोडी गायकाच्या माइकमध्ये शिरते आणि साउंडवाला आधी हायहॅटचा माइक बंद करतो, मग तुमच्याकडे बघतो. तिथे मध्यम किंवा हलकी जोडी आणि स्टिकच्या खांद्याऐवजी (टोकामागच्या जाड भागाऐवजी) टोक. गावच्या जत्रेत उघड्या मैदानावर हाच आवाज हवेत विरतो, तिथे नागमोडी काठाची खालची प्लेट कामाला येते. दोन जोड्या घ्यायची गरज नाही. वरची एकच ठेवा आणि खालच्या दोन ठेवा, एक जड, एक मध्यम. दोन मिनिटांत बदलता येते आणि खर्च एका प्लेटचा.

क्लच, म्हणजे वरची प्लेट रॉडला धरणारा भाग, लावण्यात निम्मे लोक चुकतात. वरून खाली क्रम असा: रॉडवर आवळायचा फुलपाखरी स्क्रू, दोन लॉक नट, फेल्ट (जाड लोकरी चकती), प्लेट, फेल्ट, खालचा नट. खालचा नट पूर्ण आवळायचा. वरचे दोन नट मात्र फेल्ट चेपेपर्यंत आवळायचे नाहीत. प्लेट हाताने हलवली की काठापाशी थोडी डुलली पाहिजे. घट्ट पिळली की आवाज गुदमरतो, हवा कोंडायला मदत होते, आणि घुमटाच्या भोकाजवळ चीर जाण्याची सुरुवात इथूनच होते. सैल ठेवली तर प्लेट स्टिकखाली गोल फिरते आणि खालचा नट सुटून गाण्याच्या मध्येच प्लेट खाली बसते. आटे झिजले असतील तर नळजोडणीची टेफ्लॉन टेप दोन वेढे गुंडाळा; कार्यक्रम निभावतो. नवा क्लच घेताना रॉडची जाडी मोजून न्या, ती सगळ्या स्टँडना सारखी नसते. दोन प्लेटांत दोन ते अडीच सेंटिमीटर अंतर ठेवून सुरुवात करा. अंतर जास्त ठेवलं की पाय दमतो, फार कमी ठेवलं की उघडा आवाज मोकळा होत नाही.

सांगली-साताऱ्यात बी 20 च्या चार-पाच जोड्या शेजारी ठेवून ऐकायला मिळणं अवघड. कोल्हापूर-पुण्याला जायचं किंवा ऑनलाइन मागवायचं. मागवताना विकणाऱ्याला तीनच गोष्टी विचारा: दोन्ही प्लेटांचं ग्रॅममधलं वजन, आतल्या बाजूचे फोटो, आणि फक्त पायाने वाजवलेला अर्ध्या मिनिटाचा आवाज, मोबाइल तीन-चार मीटर लांब ठेवून. जवळून घेतलेलं रेकॉर्डिंग फसवं असतं. तिथे सगळ्याच जोड्या छान लागतात.

जुनी जोडी घेताना काठावरून नख फिरवा. नख अडकलं की तिथे भिंगातून बघा. चीर काठाशी काटकोनात असेल तर ती आत सरकत जाणार. कोरलेल्या गोल रेघांच्या बाजूने गेलेली चीर त्याहून वाईट, कारण ती रेघेच्याच कडेने पळते. भोक लांबुळकं झालं असेल तर प्लेट क्लचमध्ये कधीच सरळ बसणार नाही. काठाचे टवके किरकोळ असतील तर चालतात, भाव मात्र पाडून मागा. लहान चीर थांबवायला तिच्या शेवटच्या टोकापलीकडे तीन-चार मिलिमीटरचं भोक पाडतात. याने आयुष्य वाढतं, आवाज थोडा पडतो. वेल्डिंग करणाऱ्याकडे चुकूनही नेऊ नका. तापवल्यावर त्या भागाचं पाणी उतरतं आणि चीर जोडाच्या शेजारून नव्याने फुटते.

पावसाळ्यात, विशेषतः साताऱ्याच्या पश्चिमेकडे, प्लेटांवर हिरवे ठिपके धरतात. चिंच-मीठ किंवा तांब्या-पितळेची भांडी घासायची पावडर लावायचा मोह आवरा: वरचा लॅकरचा थर आणि छापलेलं नाव जातं, आणि पावडर बारीक रेघांत बसून आवाज मारते. कोमट पाणी, भांडी धुवायच्या साबणाचे दोन थेंब, मऊ कापड. रेघांच्या दिशेने गोल पुसा, आडवं घासू नका, आणि लगेच कोरडं करा. फेल्ट ओलं राहिलं तर प्लेटच्या घुमटाला काळा डाग पडतो, म्हणून ओलाव्याच्या दिवसांत क्लच उघडून फेल्ट उन्हात टाका. खालच्या बशीवरचं फेल्ट लोक विसरतात. ते झिजून बशीचा धातू प्लेटला लागू लागला की पायाबरोबर एक 'टक्' ऐकू येतो, आणि तो मायक्रोफोनला आधी सापडतो. स्वस्तातला तुकडा आहे. स्टँडच्या पिशवीत दोन जादा ठेवा.